अंगणातल्या बंबाचं पाणी घरातल्या फर्नेसला कसं जोडायचं

मिनेसोटात गावाबाहेर चार-पाच एकरांत घर घेतलेल्या मराठी कुटुंबांकडून दर ऑक्टोबरात मला एकच प्रश्न येतो. घरामागे लाकडाची मोठी भट्टी आहे किंवा घ्यायचा विचार आहे, बेसमेंटमध्ये प्रोपेनची फर्नेस आहे, तर या दोघांची गाठ कशी घालायची? मी माझ्या घरी हे काम केलं, मग दोन मित्रांच्या घरी हातभार लावला. तिन्ही ठिकाणी जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो.

आपल्या घरचा तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, खाली राख पडायची जाळी. अंगणातली लाकडाची भट्टी, जिला इथे आउटडोअर वुड बॉयलर म्हणतात, ती तशीच असते, फक्त पोलादी आणि अवाढव्य. पोटात शे-दोनशे गॅलन पाणी मावतं. बहुतेक भट्ट्या वरून उघड्या असतात, म्हणजे आत दाब साठत नाही. तापलेलं पाणी पंपाने जमिनीखालच्या पाइपातून घरात येतं. पण अमेरिकेतली बहुतेक घरं पाण्याने नाही, हवेने गरम होतात. फर्नेसचा पंखा खोल्यांतली हवा ओढतो, गरम करतो आणि डक्टमधून परत सोडतो. मग पाण्यातली उष्णता हवेत न्यायला मध्ये एक जाळी लागते. तीच पाणी-हवा हीट एक्स्चेंजर. दुकानात आणि बोलण्यात नुसतं ‘कॉइल’. गाडीचा रेडिएटर पाहिला असेल तर कॉइल पाहिलीच आहे: तांब्याच्या नळ्या आणि त्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या.

कॉइल बसवणं हे शनिवार-रविवारचं काम आहे. पण ती बसवल्यानंतर तुमची जुनी फर्नेस पूर्वीइतकीच नीट आणि सुरक्षित चालली पाहिजे, आणि ते शनिवार-रविवारात आपोआप होत नाही. या लेखात बऱ्याच ठिकाणी मी त्याच मुद्द्याकडे वळेन, कारण नवखे लोक पाण्याकडे फार लक्ष देतात आणि हवेकडे फार कमी.

कागदपत्रं आधी

तुमच्या काउंटीच्या किंवा टाउनशिपच्या कार्यालयात परवाना लागतो का ते विचारा. काही गावांत अंगणातल्या भट्टीवर धुरामुळे बंदी आहे, काही ठिकाणी शेजारच्या हद्दीपासून किती अंतर ठेवायचं हे ठरवून दिलेलं आहे. नवी भट्टी घेणार असाल तर ती पर्यावरण संरक्षण संस्थेची, म्हणजे ईपीएची, मान्यता असलेली हवी. २०१५ च्या नियमांचा दुसरा, कडक टप्पा मे २०२० पासून लागू आहे. घराच्या विमा कंपनीला लेखी कळवा. ही तीन कामं केल्याशिवाय एकही वस्तू विकत घेऊ नका.

घराला किती उष्णता लागते?

इथे घाई करू नका. कॉइल, पंप, पाइप, सगळ्यांची मापं या एका आकड्यावर ठरतात.

सोपी रीत सांगतो. फर्नेसच्या आतल्या पाटीवर तासाला किती बीटीयू (उष्णता मोजायचं इथलं एकक) आत जातात आणि किती बाहेर मिळतात ते छापलेलं असतं. समजा ८०,००० आत आणि ७६,००० बाहेर. आता जानेवारीतल्या एखाद्या रात्री, पारा उणे १५ फॅरनहाइटला, म्हणजे उणे २६ सेल्सिअसला टेकलेला असताना, फर्नेस तासातली किती मिनिटं पेटलेली असते ते मोजा. माझ्या घरी ती ४२ मिनिटं भरली. म्हणजे ७६,००० च्या सात-दशांश, साधारण ५३,०००. मी ५५,००० धरले. विक्रेते चौरस फुटांवरून अंदाज सांगतात, पण जुन्या घराच्या खिडक्या त्या अंदाजात नसतात. तुमच्या घराचं खरं उत्तर तुमच्या फर्नेसपाशी आहे. हिवाळा संपला असेल तर पुढच्या जानेवारीपर्यंत थांबलात तरी बिघडत नाही.

आता पाणी. सूत्र असं: बीटीयू म्हणजे ५०० गुणिले मिनिटाचे गॅलन गुणिले तापमानातली घट, फॅरनहाइटमध्ये. पुढचे सगळे अंशही फॅरनहाइटच. हे ५०० आलं कुठून? गॅलनभर पाण्याचं वजन सुमारे ८.३३ पौंड, तासाची मिनिटं ६०, दोन्हींचा गुणाकार जवळपास ५००. कॉइलमधून जाताना पाणी २० अंशांनी थंड होईल असं धरलं, तर ५५,००० ला १०,००० ने भागा. मिनिटाला साडेपाच गॅलन. एक इंची पेक्स, म्हणजे गरम पाण्याचा प्लास्टिकचा पाइप, हे आरामात पेलतो. पाऊण इंची पाइप स्वस्त पडतो, पण भट्टी लांब असेल तर घर्षणात पंपाचा सगळा जोर जातो.

मग हवा. तिथे सूत्र आहे १.०८ गुणिले मिनिटाचे घनफूट गुणिले तापमानातली वाढ. पंखा मिनिटाला १,२०० घनफूट हवा ढकलत असेल तर ५५,००० बीटीयूसाठी हवा साधारण ४२ अंशांनी तापते. खोलीतून ७० अंशांची आत गेली, ११२ अंशांची बाहेर आली. प्रोपेनवर चालताना ती सहसा याहून गरम येते. त्यामुळे पहिल्या दिवशी घरातली मंडळी म्हणतील, ‘हवा कोमट येतेय.’ घाबरू नका. पंखा जास्त वेळ चालेल आणि घर एकसारखं उबदार राहील. आमच्या घरी आजीला ही ऊब जास्त मानवली, कारण मध्येच गरम झोत आणि मध्येच गार असं होत नाही.

कॉइल निवडताना

कॅटलॉगमध्ये १८ बाय १८ इंचांच्या कॉइलपुढे एक लाखाच्या आसपासचा आकडा दिसेल. तो बहुधा १८० अंशांच्या पाण्याचा असतो. तुमचं पाणी दिवसभर १८० वर राहत नाही. हवा ७० अंश धरली तर १८० ला फरक ११०, १६० ला ९०, १४० ला फक्त ७०. उष्णता साधारण त्याच प्रमाणात घटते. म्हणजे एक लाखाची कॉइल १६० अंशांवर ८२,००० देईल आणि १४० वर ६४,०००. पहाटे जाळ उतरलेला असताना, म्हणजे नेमकी सर्वांत जास्त थंडी असताना, तुम्हाला हाच शेवटचा आकडा मिळणार. तो घराच्या गरजेहून खाली नको. माझ्या ५५,००० ला ६४,००० पुरतात.

दुसरी गोष्ट हवेच्या वाटेची. फर्नेसच्या पंख्याला ठरावीक अडथळ्याविरुद्धच काम करता येतं. बहुतेक घरगुती फर्नेसच्या पाटीवर ही मर्यादा अर्धा इंच उंच पाण्याच्या दाबाइतकी, म्हणजे ०.५ अशी लिहिलेली असते. फिल्टर, एसीची कॉइल, डक्ट मिळून ती मर्यादा अनेक घरांत आधीच भरत आलेली असते. तुम्ही वर अजून एक जाळी आडवी टाकली की ०.१ ते ०.२ ची भर पडते. मर्यादा ओलांडली की हवा कमी वाहते. हवा कमी वाहिली की प्रोपेनवर चालताना फर्नेसच्या आतला, जाळ आणि घरातली हवा वेगळी ठेवणारा पत्रा गरजेपेक्षा जास्त तापतो, अति तापल्यावर जाळ तोडणारा लिमिट स्विच पुन्हा पुन्हा फर्नेस बंद पाडतो आणि वर्षानुवर्षं असंच चाललं तर त्या पत्र्याला तडे जाऊ शकतात. तडा गेला की कार्बन मोनॉक्साइड घरात येण्याची भीती. उन्हाळ्यात याच कमी हवेमुळे एसीच्या कॉइलवर बर्फ जमतो.

म्हणून कॉइल घेण्याआधी मॅनोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजायचं यंत्र, आणा, किंवा हवेचं काम करणाऱ्या तंत्रज्ञाला बोलवून अडथळा मोजून घ्या. एक भोक फिल्टर आणि पंखा यांच्यामध्ये, दुसरं फर्नेसच्या तोंडाशी पण एसीच्या कॉइलच्या आधी. दोन्ही आकड्यांची चिन्हं सोडून बेरीज करा. माझ्याकडे ०.४४ आली. एक इंची फिल्टर काढून चार इंची जाड फिल्टरची चौकट बसवली आणि परतीच्या हवेसाठी एक नवं तोंड उघडलं, तेव्हा ती ०.३१ वर उतरली. मग कॉइलला जागा झाली. फर्नेसच्या वरच्या पत्र्याच्या पेटीत, म्हणजे प्लेनममध्ये, मावेल तेवढी मोठी कॉइल घ्या. मोठ्या जाळीतून हवा सावकाश जाते आणि अडथळा कमी होतो.

कॉइल कुठे बसवायची

फर्नेसच्या डोक्यावर जी पत्र्याची चौकोनी पेटी असते, जिथून डक्ट फुटतात, ते सप्लाय प्लेनम. कॉइल तिथे बसवा. परतीच्या बाजूला बसवायला सोपी वाटते, पण मग गरम हवा पंख्याच्या मोटरवरून जाते आणि मोटर लवकर म्हातारी होते.

घरात एसी असेल तर त्याची कॉइल प्लेनमच्या तळाशी, तंबूच्या आकाराची, असते. तुमची नवी कॉइल त्याच्या वर, मध्ये काही इंच मोकळे सोडून बसवा. खाली बसवलीत तर सगळा हिवाळा १७०-१८० अंशांच्या पाण्याची धग एसीच्या गॅसभरल्या नळ्यांना लागत राहते.

वर बसवल्यावरही एक गोष्ट उरते. अंगणातल्या भट्टीचा पंप चोवीस तास चालू असतो, म्हणजे कॉइल सतत तापलेली. पंखा बंद असतानाही तिची धग वर डक्टमध्ये चढते. एप्रिल-ऑक्टोबरात दिवसा ऊन असताना त्यामुळे घर नको इतकं तापतं. यासाठी कॉइलच्या पाण्याच्या वाटेवर तीन तोंडांचा व्हॉल्व्ह बसवा, म्हणजे पाणी कॉइलला वळसा घालून परत जाईल. बरेच जण पैसे वाचवायला तो गाळतात. मी गाळू नका असं सांगेन.

पत्रा कापण्याचा दिवस

फर्नेसची वीज मुख्य पेटीतून बंद करा, प्रोपेनचा व्हॉल्व्ह बंद करा. जाड हातमोजे घाला, कापलेला पत्रा सुरीसारखा असतो. कापण्याआधी प्लेनमला एक छोटं भोक पाडून टॉर्चने आत बघा. एसीच्या नळ्या कुठे आहेत ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय करवत लावू नका. ती नळी फुटली तर गॅस जातो आणि खर्च कॉइलच्या किमतीच्या पुढे जातो.

१८ बाय १८ हे माप पात्यांचं असतं. चौकट धरून कॉइल त्याहून मोठी भरते, म्हणून हातात आल्यावर मोजा आणि मगच प्लेनमवर खुणा करा. एका बाजूचा पत्रा कापून खिडकी करा. आत दोन बाजूंना पत्र्याच्या कोनपट्ट्या स्क्रूने बसवा आणि कॉइल ड्रॉवरसारखी त्यांवर सरकवा. नळ्या कुठे आहेत ते बघूनच स्क्रू मारा. कॉइल आणि भिंत यांच्यामधली प्रत्येक फट पत्र्याच्या पट्टीने बुजवा, नाहीतर हवा जाळी चुकवून फटीतून निघून जाईल. मग कापलेली बाजू झाकणासारखी परत बसवा आणि सांध्यांवर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावा. कापडी टेप नको, उष्णतेने तिचा गोंद वाळतो आणि ती गळून पडते. झाकण स्क्रूचंच ठेवा, कारण दर वर्षी ते उघडून पात्यांवरची धूळ काढायची आहे.

पाण्याची जोडणी

कॉइलच्या दोन तोंडांपैकी हवा ज्या बाजूने बाहेर पडते त्या बाजूच्या तोंडातून गरम पाणी आत घ्या. दोन्ही नळांवर बॉल व्हॉल्व्ह आणि युनियन (खोलता येणारा सांधा) हवेत, म्हणजे कॉइल काढायची झाली तर सगळी भट्टी रिकामी करावी लागत नाही. सर्वांत खालच्या जागी निचऱ्याचा नळ, सर्वांत वरच्या जागी हवा सोडायचा व्हॉल्व्ह. पंपाच्या आधी गाळणी.

पेक्स पाइप बहुधा १८० अंशांना १०० पौंड दाबापर्यंत आणि २०० अंशांना ८० पौंडांपर्यंत मान्य असतो. उघड्या भट्टीत दाबाची चिंता नाही, पण पाइपवरची छपाई वाचून घ्या. भट्टीच्या पाण्यात उत्पादक सांगेल ते गंजरोधक औषध घालावंच लागतं आणि वर्षातून एकदा पाण्याची तपासणी करावी लागते. उघड्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन सतत मिसळतो, आणि पोलादाला तो आतून खातो.

अंघोळीचं पाणीही याच भट्टीवर तापवायचं असेल तर प्लेट एक्स्चेंजर, म्हणजे भट्टीच्या पाण्याची उष्णता नळाच्या पाण्याला देणारी पेटी, कॉइलच्या आधी जोडा आणि नळापाशी पाणी १२० अंशांवर आणणारा मिश्रण व्हॉल्व्ह बसवा. लहान मुलं असतील तर त्याच्याशिवाय नळ उघडूच नका.

पाणी भरताना हवा अडकते. पंप चालू केल्यावर कॉइलमध्ये गुळगुळ आवाज आला किंवा एक टोक गरम आणि एक गार लागलं तर आत हवा आहे. वरचा व्हॉल्व्ह सावकाश उघडा, पाण्याची अखंड धार येईपर्यंत.

थर्मोस्टॅट आणि तारा

हा भाग नवख्यांना अवघड वाटतो, पण त्यामागचा हिशेब साधा आहे. दोन थर्मोस्टॅट लावा. लाकडाचा ७० वर, प्रोपेनचा ६४ वर. लाकूड असेपर्यंत घर ६४ ला उतरतच नाही, म्हणून प्रोपेन पेटत नाही. जाळ विझला, पंप बंद पडला, तर घर उतरत ६४ ला येतं आणि फर्नेस आपोआप पेटते.

लाकडाच्या थर्मोस्टॅटने फक्त पंखा चालू करायचा असतो. फर्नेसच्या बोर्डवर ‘आर’ ही २४ व्होल्टची तार असते आणि ‘जी’ पंख्याची. या दोघींची गाठ एका रिलेने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचने, घाला. थेट तारेने जोडलं तर वीज उलटी वाहत दुसऱ्या थर्मोस्टॅटमध्ये शिरते, आणि नव्या इलेक्ट्रॉनिक थर्मोस्टॅटना ते सोसत नाही. रिलेची वीज फर्नेसच्याच ट्रान्सफॉर्मरवरून घ्या. दोन ट्रान्सफॉर्मर एकमेकांना जोडू नका.

रिलेच्या वाटेत एक ॲक्वास्टॅट हवाच. हा गरम पाण्याच्या नळावर बांधायचा स्विच, १३० अंशांना जोडणारा. पाणी त्याहून गार असेल तर पंखा सुरूच होत नाही. पहिल्या वर्षी मी तो लावला नव्हता. एका रात्री लाकूड संपलं, पाणी गार होत गेलं, आणि थर्मोस्टॅट ऊब मागत राहिल्याने पंखा पहाटेपर्यंत घरभर गार हवा फिरवत राहिला. मुलं कुडकुडत उठली. तीस-चाळीस डॉलरची वस्तू आहे, पहिल्याच दिवशी लावा.

आणखी एक, जे मला कोणी सांगितलं नव्हतं. नव्या फर्नेसना ‘जी’वर नुसता पंखा मागितला की त्या तो मंद वेगात फिरवतात. मंद वेगात कॉइलला पुरेशी हवा मिळत नाही आणि घर ६६ च्या वर चढत नाही. मग लोक कॉइल लहान पडली असं समजतात. फर्नेसच्या पुस्तिकेत पंख्याचा हा वेग बदलायची तार किंवा बारीक स्विच दिलेला असतो. आधी तो बघा.

पंपाची १२० व्होल्टची तार मात्र इलेक्ट्रिशियनकडून ओढून घ्या.

जमिनीखालचा पाइप

खणण्याच्या काही दिवस आधी ८११ या खोदकामाआधीच्या हेल्पलाइनला फोन करा. ते फुकट येऊन गॅस, वीज, फोनच्या तारांवर खुणा करून जातात. मिनेसोटाच्या बांधकाम नियमांत पाया गोठणरेषेच्या, म्हणजे हिवाळ्यात जमीन जिथपर्यंत गोठते त्या खोलीच्या, खाली न्यायचा तो दक्षिण भागात ४२ इंच आणि उत्तर भागात ६० इंच. पाइपही जमेल तितका खोल घाला.

पैसे वाचवायची जागा ही नव्हे. मी आधी चकचकीत बुडबुड्यांच्या कागदात गुंडाळलेला स्वस्त पाइप घेतला होता. विकणाऱ्याने खात्री दिली होती. पहिल्या जानेवारीत भट्टीपासून घरापर्यंत बर्फात गवताचा हिरवा पट्टा उघडा पडला. आत भूजल शिरलं होतं आणि माझं सरपण अंगण तापवत होतं. ९० फुटांत पाणी ११ अंशांनी उतरत होतं. जूनमध्ये चर पुन्हा खणला आणि नळ्यांभोवती घट्ट फोम भरलेला, बाहेरून जलरोधक पाइप टाकला. आता फरक एक-दोन अंशांचा आहे. पहिल्या बर्फानंतर तुमच्याही अंगणात असा पट्टा दिसतो का ते बघा.

पहिला जाळ

भट्टी पेटवा, पाणी १६० च्या वर जाऊ द्या आणि चार आकडे वहीत लिहा: कॉइलमध्ये जाणारं पाणी, परत येणारं पाणी, परतीच्या डक्टमधली हवा, प्लेनममधून निघणारी हवा. पाण्यातला फरक २० च्या आसपास हवा. ३०-३५ असेल तर पाणी सावकाश वाहतंय. फरक ५ च असेल तर हवा कमी पडतेय किंवा फटी राहिल्यात. परतीचं पाणी भट्टीत १४० च्या खाली जात राहिलं तर धुरातलं डांबर भट्टीच्या भिंतीवर साचतं, त्यावरही नजर ठेवा. ओली लाकडं हेच डांबर वाढवतात. ओलावा २० टक्क्यांच्या खाली आला की मगच जाळा. ओकच्या फोडलेल्या लाकडाला त्यासाठी दोन उन्हाळे लागतात.

मग लाकडाचा थर्मोस्टॅट बंद करून फर्नेस प्रोपेनवर अर्धा तास चालवा आणि अडथळा पुन्हा मोजा. पाटीवरच्या मर्यादेच्या आत आला तरच काम पूर्ण झालं. कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म झोपायच्या खोल्यांपासून दहा फुटांच्या आत असावेत असा मिनेसोटाचा कायदा आहे. बॅटऱ्या त्याच दिवशी बदला.

डिसेंबरात भारतात जाताना

आपल्या लोकांचा खरा प्रश्न हा आहे. लग्नसराईत तीन आठवडे पुण्याला जायचं, आणि भट्टीत लाकूड घालायला घरी कोणी नाही. याच राज्यात टॉवर गावी २ फेब्रुवारी १९९६ ला पारा उणे ६० फॅरनहाइटला गेला होता. भट्टीतलं पाणी गोठलं तर पोलाद फाटतं.

दोन वाटा आहेत. पहिली, पंप चालू ठेवायचा. फर्नेस प्रोपेनवर पेटली की तिची गरम हवा कॉइलवरून जाते, कॉइल उलट काम करते आणि घरातली थोडी ऊब पाण्यावाटे अंगणात नेते. भट्टी गोठत नाही, पण प्रोपेन जास्त जळतं, आणि वीज गेली की पंपही थांबतो. दुसरी, पाण्यात प्रोपिलीन ग्लायकॉल घालायचं. त्याने गोठण्याची भीती जाते, मात्र उष्णता थोडी कमी वाहून नेली जाते आणि इतक्या पाण्याला ते महाग पडतं. विषारी एथिलीन ग्लायकॉल, जे गाडीत घालतात, ते घरात आणू नका.

मी पहिली वाट धरतो. निघण्याआधी प्रोपेनची टाकी भरून घेतो, प्रोपेनचा थर्मोस्टॅट ५८ वर ठेवतो, आणि शेजारच्या नॉर्वेजियन आजोबांकडे किल्ली देतो. ते दर दोन दिवसांनी बेसमेंटमध्ये उतरून परतीच्या नळाला हात लावतात. कोमट लागला की मला ‘ओके’ एवढाच संदेश येतो. पंप बंद पडलाच तर काय करायचं याचा कागद मी फर्नेसच्या दारावर चिकटवलाय: कुठले दोन व्हॉल्व्ह बंद करायचे, निचऱ्याचा नळ कुठला, आणि कोणाला फोन करायचा.